खर्रा, गम आणि मार्च एंडिंग

सकाळी 6.15

पहिला फोन ऑटोवाल्या भाऊंचा. खर्रा सोडून त्यांचा आज चौथा दिवस. स्टँडवर जाण्याआधी मला फोन करायचा, असं आमचं ठरलेलं आहे. "मॅडम, अंघोळ झाली, चहा झाला, आता हात सारखा खिशाकडे जाऊन राहिला." खिशात काय आहे, मी विचारलं. "लवंग हाय अन् बडीशेप." मग लवंग तोंडात धरा, वरून घोट घोट पाणी प्या, आणि आज चौकातून जाऊ नका, मागच्या रस्त्यानं जा, असं सांगितलं. चौकात त्यांचा नेहमीचा टपरीवाला आहे. त्यांचा ऑटो दिसला की तो न विचारताच खर्रा घोटायला घेतो, आणि समोर घोटलेल्या खर्र्याला नाही म्हणणं चौथ्या दिवशीच्या माणसाला फार जड जातं.

निकोटिनची ओढ पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते. पुढे दोन ते चार आठवडे ती येत-जात राहते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती मिनिटं कुणाशी बोलण्यात निघून गेली की माणूस पुढच्या तलफेपर्यंत सुटतो. आम्ही सात-आठ मिनिटं बोललो. त्यातली निम्मी त्यांच्या मुलीच्या दहावीच्या पेपरबद्दल होती, आणि ते ठीकच आहे.

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या शहरात, सरकारी रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात मी समुपदेशक आहे. नेमणूक कंत्राटी. माझं मानधन, खोलीतल्या गोळ्या-औषधं, शाळांमधले कार्यक्रम, भिंतीवरचे पोस्टर हे सगळं राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमातून येतं. हा कार्यक्रम 2007-08 साली सुरू झाला. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, साठ टक्के केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. सकाळच्या या फोनसाठी त्यात खर्चाचं शीर्ष नाही. फोन माझा, रिचार्जही माझाच.

सकाळी 8.40

रुग्णालयाच्या वाटेवर एक शाळा लागते. फाटकाबाहेर रस्त्यावर पिवळी रेघ मारलेली होती. शाळेपासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरच्या आत तंबाखू विकायचा नाही, हे सांगणारी ती रेघ. पावसाळ्यानंतर पुसट झाली, आता शोधावी लागते. रेघेच्या थोडं पुढे टपरी. मी गाडी बाजूला लावून उभी राहते ती मुलांसाठी. कोणत्या वर्गातली मुलं तिथं थांबतात, हे वर्गात जाऊन कळत नाही.

खर्रा कसा होतो, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. लाकडी फळीवर जाड प्लास्टिक ताणलेलं असतं. त्यावर सुपारीचे बारीक तुकडे, सुगंधित तंबाखू, चुन्याचं बोट आणि पाण्याचे थेंब. मग प्लास्टिकची घडी करून तळव्यानं जोर लावून ते घासत राहायचं. चुना आणि तंबाखू सुपारीच्या अंगात मुरले, सगळं ओलसर तपकिरी झालं की छोट्या पन्नीत भरून वर रबर. टपरीवाल्याच्या तळहाताला त्या घासण्यानं घट्टे पडलेले असतात.

सिगारेटच्या पाकिटावर, तंबाखूच्या पुडीवर 2016 पासून पंच्याऐंशी टक्के जागा कर्करोगाच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेली असते. 2018 पासून त्यातच तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही छापतात, 1800-11-2356. खर्र्याच्या पन्नीवर चित्र नाही आणि क्रमांकही नाही. आमच्या भागातला सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा तंबाखू माणसाच्या हाती पडतो तो असा, कोऱ्या प्लास्टिकमधून. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. बंदी योग्यच होती. पण बंदीनंतर माणसं कुठं वळली हे पाहून जे काम उभं राहायला हवं होतं, ते पुरेसं उभं राहिलं नाही.

आज टपरीवर सातवी-आठवीतली तीन मुलं. एकानं पैसे काढले. मी गाडी स्टँडवर लावून चालत गेले, तशी ती पांगली. टपरीवाल्याला सांगितलं, अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू देणं बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो म्हणाला, "वडिलांसाठी नेतात जी." वडिलांसाठी नेणाऱ्या मुलाला वाटेत ती पन्नी उघडायला किती वेळ लागतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

सकाळी 9.30

खोली उघडली. असंसर्गजन्य आजार विभागाच्या शेवटी ही खोली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, लोखंडी कपाट, दारावर मराठीत बोर्ड. रुग्ण आत आल्यावर दार लावता येतं, ही या खोलीची मला वाटणारी सगळ्यात मोठी सोय आहे. दार उघडं असेल तर माणूस व्यसनाचा निम्माच हिशेब सांगतो.

कपाटात फुंकायचं यंत्र आहे. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला आकडा दाखवता येतो, सोडल्यावर तो आकडा भराभर उतरताना दिसतो आणि त्यानं माणसाला धीर येतो. यंत्र चांगलंच आहे. पण 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असं दिसलं. त्यात धूर ओढणारे 3.8 टक्के, आणि खाणारे, घासणारे, चघळणारे 24.4 टक्के. म्हणजे माझ्या दारात येणाऱ्या बहुतेकांना हे यंत्र काहीच सांगू शकत नाही. दिवसाला पाच खर्रे खाणाऱ्यानं फुंकलं, तर आकडा निर्व्यसनी माणसाइतकाच येतो. कार्यक्रमाचा आराखडा सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून झाला की पैसा या यंत्रासारख्या वस्तूंकडे जातो. जबडा किती उघडतो हे मोजायची साधी पट्टी मी दंत विभागातून मागून आणली आहे.

साठ्याची नोंदवही काढली. निकोटिन गम, दोन मिलिग्रॅम, शिल्लक शून्य. जानेवारीच्या शेवटापासून तेच. निकोटिनची ही पर्यायी औषधं 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. यादीत येणं आणि कपाटात येणं यांतलं अंतर मी रोज सकाळी या वहीत बघते.

सकाळी 10.10

दंत विभागातून चिठ्ठी घेऊन मुलगा आला. वय चोवीस, सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे काम. सोबत आई. त्याला तोंड उघडायला सांगितलं. "आणखी," म्हटलं. एवढंच, असं त्यानं मानेनं सांगितलं. आपली स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली पाहिजेत. त्याचं दुसरं बोट अडकलं. वरच्या-खालच्या दातांमध्ये पट्टी धरली. बावीस मिलिमीटर. निरोगी तरुण माणसाचं तोंड चाळीसच्या आसपास उघडतं. गालाच्या आतला पडदा पांढुरका पडला होता, बोट फिरवलं की दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागत होते.

"तिखट चालते का?"

"वरणातली मिरची बी नाही चालत मॅडम. आग होते."

"पहिला खर्रा कितव्या वर्षी?"

त्यानं आईकडे पाहिलं. आई उठून बाहेर जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं, तिला कळलं. मग तो म्हणाला, आठवीत. मित्राच्या पन्नीतला. आता दिवसाला पाच, नाइट शिफ्ट असली की सात. सकाळी उठल्यावर पहिला कधी? "उठलो की लगेच. डोळे धुवायच्या आधी." हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत ज्याला तंबाखू लागतो, त्याचं शरीर निकोटिनवर पक्कं अवलंबून असतं. त्याला नुसता उपदेश करून भागत नाही, औषध लागतंच.

आता औषध कोणतं? गम असता तरी तो याला चावता आला नसता. गम काही वेळा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा, परत चावायचा, असं अर्धा तास करावं लागतं. ज्याचा जबडा बावीस मिलिमीटर उघडतो आणि गालाला आग होते, त्याला ते कसं सांगायचं? त्याला हवा निकोटिनचा पॅच. दंडावर चिकटवायचा, दिवसभर थोडं थोडं निकोटिन अंगात जात राहतं, आणि काही आठवड्यांनी कमी ताकदीच्या पॅचवर उतरायचं. पॅच आमच्या मागणीत दर वर्षी असतो. माझ्या कपाटात तो अजून आलेला नाही.

तो म्हणाला, "तंबाखू सोडतो मॅडम. साधी सुपारी चालन नं?" हा सौदा माझ्यासमोर जवळजवळ रोज होतो, आणि इथं मला कठोर व्हावं लागतं. तोंड आखडण्याचं मूळ सुपारीत आहे, आणि सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. तंबाखू काढून सुपारी ठेवली तर त्याचं तोंड आखडतच राहणार. दोन्ही एकाच दिवशी सुटायला हवं. मी त्याला हे तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं कुणाच्याच आत उतरत नाही.

मग पैशाचा हिशेब त्याच्याकडूनच करून घेतला. तीस रुपयांचे पाच, दिवसाचे दीडशे, महिन्याचे साडेचार हजार. त्यानं आकडा स्वतः लिहिला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला. बाजारात दहा गमची पट्टी शंभरीच्या आसपास मिळते, म्हणजे गम विकत घेतला तरी खर्र्यापेक्षा महाग पडत नाही. मग सरकारनं तो फुकट का द्यायचा, असं मला पुष्कळ जण विचारतात. कारण टपरीवर उधारी चालते, मेडिकलमध्ये चालत नाही. पगाराच्या आधीच्या आठवड्यात खिशात पैसे नसतानाही खर्रा मिळतो. औषध तितक्याच सहज हाताशी असलं तरच ते खर्र्याच्या जागी येऊ शकतं.

सोडायचा दिवस ठरवला. पाडव्यापासून, तो म्हणाला. पाडवा अजून दहा-बारा दिवसांवर. मी म्हटलं, साप्ताहिक सुट्टी कधी? रविवारी. मग रविवारी सकाळी. त्या आधी पन्नी, चुन्याची डबी घरातून बाहेर, पाळीतल्या तीन मित्रांना सांगून ठेवायचं, आणि टपरीची उधारी शनिवारी मिटवायची. उधारी राहिली तर पाय पुन्हा तिकडे वळतात. आमच्या डॉक्टरांनी तलफेसाठी गोळ्या लिहून दिल्या. त्या निदान औषध भांडारात आहेत.

निघताना आईनं विचारलं, "याचं तोंड उघडन का मॅडम?" पूर्वीसारखं उघडेल असं मी सांगू शकत नाही आणि सांगितलंही नाही. आज थांबला तर आखडणं थांबायची आशा आहे, व्यायामानं आणि उपचारानं थोडं सुधारू शकतं, आणि पुढचा मोठा धोका टळू शकतो. दंत विभागाची पुढची तारीख चुकवू नका, गरज पडली तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवू, एवढं सांगितलं. तिनं माझा नंबर दोनदा वाचून दाखवला आणि मगच उठली.

त्यानंतर एक बाई आल्या, आशाताईंनी आणलेल्या. तंबाखूची नस दातांवर घासतात, दिवसातून सहा-सात वेळा. कापूस वेचायला जाताना सकाळी घासली की दुपारपर्यंत भूक लागत नाही, असं त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. तिथं व्यसनावर बोलण्याआधी मला सकाळच्या भाकरीबद्दल बोलावं लागतं. बिडीवाले काका आले. त्यांनी फुंकलं, आकडा मागच्या वेळच्या निम्म्याहून खाली, आणि त्यांनी तो मोबाइलमध्ये फोटो काढून नातवाला दाखवायला नेला.

दुपारी 1.40

डबा. शेजारची खुर्ची रिकामी. मानसशास्त्राचे सहकारी दिवाळीनंतर खासगी नोकरीत गेले. चांगले होते. पण अकरा महिन्यांचा करार, मधला एक दिवस खंड, आणि मानधन कधी दोन महिन्यांचं एकदम, हे घर चालवणाऱ्या माणसाला किती वर्षं परवडणार? ते गेले तेव्हा त्यांच्या वहीत पाठपुराव्यातल्या माणसांची यादी होती. मी त्यातल्या प्रत्येकाला फोन केला. अनेकांनी पहिलंच विचारलं, "सर कुठं गेले?" आणि माझ्याशी फारसं बोलले नाहीत. व्यसन सोडणारा माणूस कार्यालयावर विश्वास ठेवत नाही, तो एका माणसावर ठेवतो. जागा भरायला पाच महिने लागले, तर त्या पाच महिन्यांत जी माणसं परत टपरीवर गेली, त्यांची नोंद कुठल्याच खर्चाच्या विवरणात येत नाही.

दुपारी 2.30

मार्च एंडिंगची बैठक. पंखा जोरात, कागदांवर पेपरवेट. आमच्या कार्यक्रमाचा निधीचा एक हप्ता या महिन्यात आला आहे, आणि तो 31 तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे. नाही पडला तर पुढच्या वर्षी 'तुमचा खर्चच होत नाही' असं म्हणून मंजुरी कापली जाते. लेखापालांनी शीर्षवार आकडे वाचले. प्रशिक्षण, शाळा कार्यक्रम, फिरती, औषधं, आणि आयईसी, म्हणजे प्रचार साहित्य. सगळ्यात जास्त शिल्लक प्रचारात.

"फ्लेक्स आणि पोस्टर छापून घ्या. आठ दिवसांत होतं," लेखापाल म्हणाले.

मी गमबद्दल विचारलं. औषध खरेदीला मागणी, दर, मंजुरी, पुरवठा, एवढं सगळं बारा दिवसांत बसत नाही. प्रचाराचा पैसा औषधाकडे वळवू का? वरची मान्यता लागेल, ती मार्चच्या आत येणार नाही. लेखापालांचं काही चुकत नव्हतं. त्यांना लेखापरीक्षणाला उत्तर द्यायचं असतं, आणि ते नियमानंच बोलत होते. दोष या रचनेतच आहे. वर्षभर सलग चालणाऱ्या कामाला वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा पैसा द्यायचा आणि तो लवकर संपवायला सांगायचं, म्हणजे जे लवकर संपतं तेच विकत घेतलं जाणार. फ्लेक्स आठ दिवसांत होतो. खर्रा सोडणारा माणूस सहा महिन्यांत होतो.

मी न्यूयॉर्कचं उदाहरण सांगितलं. ते मी दर बैठकीत सांगते आणि सांगत राहणार आहे. 2003 साली त्या शहराच्या आरोग्य खात्यानं फोन करणाऱ्या सुमारे 34,000 धूम्रपान करणाऱ्यांना सहा आठवड्यांचे निकोटिन पॅच टपालानं फुकट पाठवले. सहा महिन्यांनी त्यातल्या काहींना फोन करून विचारलं. पॅच मिळालेल्यांपैकी 33 टक्के सुटलेले होते. टपालातल्या चुकीनं ज्यांना पॅच पोचलेच नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 6 टक्के. आणि पॅच मिळालेल्यांमध्येही, ज्यांना समुपदेशकाचे फोन गेले त्यांच्यात 38 टक्के, ज्यांना नाही गेले त्यांच्यात 27. धुराची आणि खर्र्याची गोष्ट सगळी सारखी नाही, हे मला कळतं. पण एका शहरानं सार्वजनिक पैसा कशावर घातला तर माणसं सुटतात, हे यातून दिसतं. औषध घरपोच, आणि मागोमाग माणसाचा आवाज.

जिल्हा अधिकारी सर ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, प्रचाराच्या शीर्षातून तुमच्या खोलीला उपयोगी पडेल असं काय छापता येईल?" हा प्रश्न महत्त्वाचा होता. मी वही उघडून दाखवलं. खिशात मावणारं कार्ड, जाड कागदाचं, घामानं ओलं झालं तरी टिकेल असं. एका बाजूला सोडल्याची तारीख आणि पहिल्या आठवड्याचे, मग महिन्याचे, मग सहा महिन्यांपर्यंतचे चौकोन, भेटीचे आणि फोनचे. दुसऱ्या बाजूला तलफ आली तर करायच्या चार गोष्टी: थोडं थांबा, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, दुसऱ्या कामात हात घाला. खाली खोलीचा नंबर आणि राष्ट्रीय मदत क्रमांक. चित्र सिगारेटचं नको, खर्र्याच्या पन्नीचं हवं. ज्याला वाचता येत नाही त्याला चौकोन भरत जाताना दिसतो. सरांनी होकार दिला. लेखापाल म्हणाले, हे प्रचार साहित्यातच बसतं. उरलेल्या पैशात फ्लेक्स होतीलच. त्यातही खर्राच दिसावा आणि आमच्या खोलीचा पत्ता मोठ्या अक्षरात यावा, एवढं मी लिहून घेतलं.

गम मात्र एप्रिलच्या नव्या मंजुरीशिवाय नाही.

दुपारी 4.45

पथकाबरोबर बस स्थानक. पोलीस, अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक, आम्ही. बाकावर बसून बिडी ओढणाऱ्या दोघांना पावती. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाचा दंड दोनशे रुपयांपर्यंत ठेवला, तो आजही तेवढाच आहे. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, आमच्या खोलीकडे फिरत नाही, आणि फिरावा असं मला वाटतही नाही. सोडवण्याचं काम पावत्यांवर अवलंबून राहिलं तर पथक पावत्याच शोधेल. मी प्रत्येक पावतीबरोबर खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी देते. आजच्या दोघांपैकी एकानं ती घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

टपरी चालवणाऱ्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, खर्रा बंद केला तर मी विकू काय? नवरा नाही, दोन मुलं शिकताहेत. त्यांना चहा, पाणी, बिस्कीट विका असं सांगून निघून जाणं बरोबर नाही. या बायकांना दुसरा धंदा उभा करायला कर्ज, जागा, परवाना यांत मदत करणं हे तंबाखू नियंत्रणाचंच काम आहे असं मी मानते. बचत गटाच्या समन्वयक ताईंशी बोलणं लावून देते म्हटलं, आणि तिथूनच त्यांना फोन केला.

संध्याकाळी 6.20

घरी येऊन चहा, मग पाठपुराव्याची वही. हे काम संध्याकाळीच होतं, कारण माणसं कामावरून परत आलेली असतात आणि तलफही याच वेळी परत येते. आमच्या मासिक अहवालात नवीन किती आले, किती जणांना समुपदेशन केलं, किती कार्यक्रम झाले, हे लिहायचं असतं. सहा महिन्यांनी किती जण अजून सुटलेले आहेत, या आकड्यासाठी माझी स्वतःची वही आहे.

एक गुरुजी तीन महिने सुटलेले. भाचीच्या लग्नात पानाचं तबक फिरलं, तरी हात लावला नाही. एक प्लंबर फोनच उचलत नाहीत, त्यांच्या बायकोनं उचलला आणि हळूच म्हणाली, "पुन्हा सुरू झालं जी, तुम्हाला सांगायची लाज वाटून राहिली त्याईले." मी म्हटलं, त्यांना फोन द्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, वडील वारले, स्मशानातून आल्यावर कुणी तरी हातावर ठेवला. हे मी नापास होणं मानत नाही. बहुतेक माणसं पहिल्या प्रयत्नात सुटत नाहीत. पडतात, उठतात, पुन्हा सोडतात. दुसऱ्यांदा सोडणाऱ्याला आपली पडण्याची जागा माहीत झालेली असते. त्यांनी दोन महिने काय काय केलं होतं, ते त्यांच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतलं. सोमवारी खोलीवर या म्हटलं. "गम असन का?" त्यांनी विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. या कामात मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या एका उत्तराचा. माणूस उठायला तयार असतो आणि माझा हात रिकामा असतो.

रात्री 8.30

पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी सरांनी माझ्याकडून टिपण मागितलं आहे. मी तीन गोष्टी लिहिल्या. गम आणि पॅच यांची खरेदी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावी आणि तीन महिन्यांचा साठा कायम राहावा. समुपदेशकाची जागा रिकामी राहू नये, म्हणून करार संपायच्या दोन महिने आधी नव्याने करावा. आणि पाठपुराव्यासाठी खोलीच्या नावानं मोबाइल, जो माणूस बदलला तरी बदलणार नाही.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. म्हणून खाली लिहिलं. 2017-18 साली तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांची देशाला बसलेली आर्थिक झळ 1,77,341 कोटी रुपये होती. त्याच अभ्यासाप्रमाणे तंबाखूच्या उत्पादन शुल्कातून सरकारला शंभर रुपये मिळतात, तेव्हा समाजावर 816 रुपयांचा भार पडलेला असतो. थायलंडनं 2001 साली कायदा करून दारू आणि तंबाखूच्या करावर दोन टक्के अधिभार लावला आणि तो थेट आरोग्य संवर्धनाच्या निधीला बांधून दिला. त्यांना दर मार्चमध्ये कुणाकडे बघत बसावं लागत नाही. कॅलिफोर्नियानं 1988 मध्ये मतदानानं सिगारेटचा कर पाकिटामागे पंचवीस सेंट वाढवला आणि त्यातला पाचवा भाग तंबाखूविरोधी शिक्षणासाठी राखून ठेवला. आपल्याकडेही तंबाखूच्या करातला एक ठरलेला वाटा तंबाखू सोडवण्याच्या कामाला बांधून मिळायला हवा. जिल्ह्याच्या टिपणात हे लिहून राज्याचं धोरण बदलत नाही, पण प्रत्येक जिल्ह्यानं लिहिलं तर वरच्या टेबलावर ते दिसेल, म्हणून मी लिहिते.

शेवटी आमच्या शहराचा हिशेब मांडला. गेल्या वर्षी नोंद झालेली माणसं, त्यातली औषधाची गरज असलेली, एकेकाला आठ आठवड्यांचं औषध. बेरीज आली ती गेल्या वर्षीच्या प्रचार साहित्याच्या खर्चापेक्षा थोडी कमी. दोनदा तपासली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून टिपण पाठवलं.

पाऊण तासात सरांचा निरोप आला. टिपण पुढे पाठवतो आहे. गम असताना पॅच वेगळे का लागतात, याचं अर्ध्या पानाचं समर्थन उद्या अकराच्या आत द्या, सोबत गेल्या वर्षभरातल्या तोंड न उघडणाऱ्या रुग्णांची संख्या आणि मापं जोडा. मापं सगळी वहीत आहेत. ती महिन्यावार उतरवायला घेतली.